आपटेकाकांचा रोहित

आपटेकाका आमच्याकडे चहाला आले की आधी कप उजेडाकडे धरायचे, मग त्याला टिचकी मारून आवाज ऐकायचे, आणि मग माझ्याकडे असं बघायचे की जणू तो कप मीच भट्टीत भाजलाय. इकडे आखातात, कराम्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. हमरियातल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल तपासला, आणि ते काम तिथंच ठेवून घरी यायचं काही त्यांना जमलं नाही. माझ्या पोळ्या रिजेक्ट. गणपतीची सोंड जाड, रिजेक्ट. काकू गेल्या तेव्हा भटजींचे उच्चारसुद्धा रिजेक्ट! मी चिडले की म्हणायचे, ‘सुषमा, एक खोटा शेरा मारला ना, की अख्खी पेटी परत येते.’ आता व्हिसा संपवून सांगलीला गेलेत. तिथल्या कपांचं काय होत असेल देव जाणे.

कौतुक फक्त पक्ष्यांचं. त्यातही फ्लेमिंगो दिसला की हा माणूस विरघळायचा. मराठीत फ्लेमिंगोला रोहित म्हणतात, आणि मुलाचं नाव त्यांनी हौसेनं तेच ठेवलं होतं. रोहित इथंच जन्मला, इथंच वाढला. बापाशी बोलायचं झालं की आधी दाराबाहेर दोन मिनिटं उभा राहायचा.

मागच्या हिवाळ्यात तो माझ्याकडे आला. अंजू नावाच्या मल्याळी मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. ‘आंटी, आय विल टेल हिम ऑन द आयलंड. बर्ड्स असले की ही इज नाइस. यू अल्सो कम, प्लीज.’ मला विचाराल तर परवानगीची गरजच नव्हती. चांगला सत्तावीस वर्षांचा घोडा, स्वतःचं कमावणारा. पण त्याला बापाच्या तोंडून एकदा चांगलं ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं त्याला.

अबू धाबीच्या बाजूला बोटीनं जावं लागतं असं एक राखीव बेट आहे. खारफुटीतून लाकडी वाट जाते आणि टोकाला पक्षी बघायचा आडोसा आहे. समोर उथळ पाण्यात फ्लेमिंगोच फ्लेमिंगो. अंजूनं बिचारीनं येताना एकच वाक्य घोकलं होतं. ‘काका, तुम्हाला भेटून आनंद झाला.’ काका एकदम खूश. स्वतःची दुर्बीण काढून तिला दिली! मला कधी हात लावू दिला नव्हता. रोहितचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

‘अंकल, आपने रोहित को इस बर्ड का नाम दिया,’ अंजू म्हणाली. ‘सो स्वीट!’

‘दिया ना, बेटी.’ काका पाण्याकडे बघत अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘ये पैदा होता है तब राख जैसा होता है. खिलाते रहो, तो गुलाबी होता है. इसको सत्ताईस साल खिलाया. रंग ही नहीं आया.’ आम्ही कशासाठी आलोय ते त्यांनी ओळखलंच होतं. मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘मुलगी पास आहे, सुषमा. ह्याच्या गळ्यात कशाला बांधताय?’

इतक्या वर्षांत ‘पास’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

‘काका, जिभेला काही हाड?’ मी ओरडलेच.

‘हळू,’ ते म्हणाले. ‘पक्षी घाबरतात.’

अंजूनं दुर्बीण काढून काकांच्या हातात ठेवली. परतायला बोट एकच, त्यात आम्ही चौघं समोरासमोर, आणि काका वाटभर बगळ्यांची माहिती देत होते. आपण काय केलं हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

त्याच आठवड्यात रोहित शारजाला राहायला गेला. पुढे लग्नाचं बोलावणं मला आलं, समोरच्या फ्लॅटला नाही. मी पैठणी नेसून गेले. हॉलमध्ये अंजूच्या एका म्हाताऱ्या आत्यानं रोहितला विचारलं, ‘व्हेअर इज युवर फादर?’

‘ही इज नो मोर,’ रोहित म्हणाला. सरळ तिच्या डोळ्यांत बघून. अंजू शेजारीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी काका चहाला आले. आदल्या संध्याकाळी लिफ्टपाशी त्यांनी मला पैठणीत बघितलं होतं. जेवण कसं होतं, पायसम पातळ तर नव्हतं ना, सगळं विचारून झालं. मग कप खाली ठेवला.

‘माझ्याबद्दल कोणी विचारलं का गं?’

खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. शिकवण त्यांचीच.

‘विचारलं ना,’ मी म्हटलं. ‘रोहित म्हणाला, तब्येत बरी नसते.’

काका ताडकन उठले. ‘काय धाड भरलीय माझ्या तब्येतीला? ठणठणीत आहे मी! सांग त्या गाढवाला.’

‘सांगते,’ मी म्हटलं.