साडभाऊंचा राखून ठेवलेला रोल

कॅमेरा हातात असूनही फोटो न काढण्याची विद्या ज्याला संपूर्ण साधली आहे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला. माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहतात नालवाडीत, नोकरी वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिकाची, आणि उरलेला सगळा जीव रोल घालायच्या जुन्या कॅमेऱ्यांत अडकलेला. सगळं जग मोबाइल वर करून दिवसाला शंभर फोटो काढतं. आमचे साडभाऊ तीन कॅमेरे गळ्यात, खांद्यावर आणि काखेत अडकवून दिवसभर हिंडतात आणि संध्याकाळी एक फोटो काढून घरी येतात. कधी कधी तोही काढत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "उजेड जमला नाई, राजेहो."

तीन कॅमेरे कशाला, असं मी एकदा विचारण्याची चूक केली. एकात मंद उजेडाचा काळा-पांढरा रोल असतो, दुसऱ्यात कडक उन्हाचा रंगीत, आणि तिसऱ्यात मागच्या दिवाळीपासून अर्धवट राहिलेला, ज्यात काय आहे हे त्यांनाही ठाऊक नाही. समोर जे दिसतं त्याला नेहमी काखेतला कॅमेरा लागतो आणि हातात गळ्यातला असतो. एका चतुर्थीला आम्ही सगळे केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. पायरीशी एक फुलवाली बसली होती, चेहरा खरोखरच बघत राहावा असा. साडभाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसले. पहिला कॅमेरा काढला, ठेवला. दुसरा काढला, त्याचा लेन्स बदलला, पुसला, पुन्हा पहिलाच बरा म्हणून हातात घेतला. तोवर आमचं दर्शन झालं, प्रसाद झाला, पोरांचं भांडण होऊन मिटलंसुद्धा. फुलवालीची टोपली रिकामी झाली तशी ती उठली, जाता जाता त्यांच्या हातावर उरलेला एक हार ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा डबा बिघडला वाटते."

यावर साडभाऊ चिडले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि नोंद केली. ही वही कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरसारखी आखलेली आहे. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, लेन्स, उजेड, आणि शेवटी 'शेरा'. मी ती चोरून वाचली आहे. त्यात शेरे आहेत ते असे: 'म्हैस हलली.' 'ढग आला.' 'ढग गेला.' 'सौ. हसण्यास तयार नव्हत्या.' केळझरच्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'विषय निघून गेला.'

लेन्सच्या बाबतीत तर त्यांच्याशी बोलूच नये. मी एकदा सहज म्हणालो, एवढे लेन्स घेता, फरक काय असतो? तर त्यांनी मला सोफ्यावर बसवून शांतपणे समजावलं. "हे पाहा. पस्तीसच्या लेन्समंधे बायको येते अन् सोफाही येते. पन्नासमंधे नुसती बायको येते. पंच्याऐंशीमंधे बायकोचा राग येते." आतून वहिनींचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, आवाज आला, "अन् चहा कोणत्या नंबरात येते?" त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही. एक जुना जर्मन लेन्स त्यांनी कुठूनसा मिळवला, त्याच्या काचेत बुरशी. ऊन दाखवलं की ती मरते म्हणून साडभाऊ तो रोज गच्चीवर नेऊन ठेवत, वहिनींच्या मूगवड्यांच्या शेजारी, आणि स्वतः टोपी घालून राखण करत. चिमण्यांनी वड्या निम्म्या खाल्ल्या. लेन्सला मात्र एकही चोच लागू दिली नाही.

आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. त्या उन्हात माणसं टिकतात, पण रोल टिकत नाहीत, म्हणून ते फ्रिजमध्ये राहतात. वहिनींची कायमची तक्रार, की सांबार ठेवायला जागा नाही. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती बिचारी ओल्या फडक्यात माठाशेजारी पडलेली असते आणि भाज्यांच्या खणात रोल गारेगार बसलेले असतात. मे महिन्यात नालवाडीची वीज गेली की साडभाऊ बर्फ भरलेला स्टीलचा डबा घेऊन स्कूटरवरून आमच्या घरी हजर. माझ्या बायकोला वाटलं, ताईनं आमरस पाठवला. तिनं वाट्या मांडल्या, पोरं पाटावर बसली, डबा उघडला तर आत अकरा रोल. पोरं अजूनही त्यांना आमरसवाले काका म्हणतात.

पण या अकरांत एक रोल निराळा होता. तो अंड्याच्या कप्प्यात एकटाच असायचा, चिकटपट्टीवर लिहिलेलं, 'हात लावू नये. आदेशावरून.' तो बनवणारा कारखाना कधीचाच बंद पडला होता. त्याच्यासारखे रंग पुन्हा होणे नाहीत, असं साडभाऊ म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला व्हायचा. चौदा वर्षं त्यांनी तो राखून ठेवला होता. थोरल्या लेकीच्या लग्नात निघेल असं वाटलं होतं, नाही निघाला. हॉलमधल्या ट्यूबलाइट खराब होत्या. नातू झाला तेव्हा निघेल म्हटलं, तर नातू फार हलायचा. एवढ्या लायकीचं जगात कोणी नाहीच की काय, असं मी एकदा खोचकपणे विचारलंसुद्धा.

तो रोल निघाला आमच्या सासूबाईंमुळे. त्या समुद्रपूरला असतात. वय झालंय, पण बोलणं धारदार. सासरे गेले तेव्हा त्यांचा धड फोटो कुणाकडेच नव्हता. मग निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीवर लावला, आणि तेव्हापासून माझे गरीब स्वभावाचे सासरे भिंतीवरून पोलीस शोधत असल्यासारखे बघतात. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. एका रविवारी जेवणं झाल्यावर साडभाऊंना म्हणाल्या, "जवाईबापू, माहा एक फोटो काढून द्या. याइच्या बाजूले लावाचा आहे. मी मेल्यावर तुम्ही लोकं असाच कोणता तरी भंगार लावसान. मले आताच पाहून पसंत कराचा आहे." मी लगेच मोबाइल काढला. त्या म्हणाल्या, "तुमच्यावाला नको. तुमच्यावाल्यात मी कोणीही दिसतो."

साडभाऊंनी ते प्रकरण असं हाती घेतलं की कचेरीतही कुठलं घेतलं नसेल. चार महिने नुसता विचार. आईंच्या सुरकुत्या याव्यात, पण बोचू नयेत. लुगड्याचा जांभळा जांभळाच यावा. पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी, सगळ्या लेन्सची चाचणी वहिनींवर झाली. आणि एक दिवस अंड्याचा कप्पा रिकामा दिसला. वहिनींनी मला फोन करून ही बातमी दिली. घरातून मुलगी सासरी गेल्यासारख्या बोलत होत्या.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोलवर फोटो निघतात छत्तीस. रोलचं टोक कॅमेऱ्यातल्या फिरकीच्या खाचेत चांगलं अडकवून, थोडं गुंडाळून मगच झाकण लावायचं असतं. त्यात सुरुवातीचा तुकडा वाया जातो. हा तुकडा वाया घालवणं साडभाऊंच्या जिवावर यायचं. ते टोक नखाएवढंच अडकवायचे आणि छत्तीसचे अडतीस काढायचे. हे कसब ते मला दर वेळी सांगायचे, आणि मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचो.

समुद्रपूरच्या अंगणात सकाळी सासूबाई खुर्चीवर बसल्या. आम्ही बाकीचे दहा मिनिटं उभे राहिलो, मग पोहे खायला आत गेलो, मग मी पेपर वाचला, मग झोपलो. बाहेर साडभाऊ ढगाची वाट बघत होते. चेहरा सैल पडावा म्हणून आईंना काहीबाही विचारत होते. माहेरी किती भावंडं होती, कापूस वेचताना गाणी कोणती म्हणायचात, आमचे सासरे तुम्हाला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा काय बोलले. सासूबाई सांगत होत्या. मध्येच हसत होत्या. तीन तास हे चाललं. शेवटी साडभाऊ आत धावत आले. छत्तीस झाले, अडतीस झाले, तरी रोल संपेना. चाळीस निघाले होते. "राजेहो, चाळीस," ते म्हणाले, आणि त्यांनी मला चक्क मिठी मारली.

रोल धुवायला मुंबईला गेला. पंधरा दिवसांनी निरोप आला की फिल्म पूर्ण कोरी आहे. नखाएवढं अडकवलेलं टोक सुरुवातीलाच निसटलं होतं. आकडा पुढे सरकत होता, रोल जागचा हलला नव्हता. म्हणून तर चाळीस.

हे सासूबाईंना सांगायची साडभाऊंची हिंमत होईना. आठ दिवस तिन्ही कॅमेरे कपाटात पडून राहिले. मग मला सोबत घेतलं. आम्ही समुद्रपूरला गेलो. घरात शिरल्यावर बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आई, फोटो एकही आला नाई. चूक माही आहे." डोळे भरून आले होते. मला, खरं सांगतो, हसू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही.

"आता काऊन रडून राह्यले?" सासूबाई म्हणाल्या. "दुसरा काढा."

"तो रोल आता भेटत नाई, आई."

"रोल नाई भेटत तं नाई. मी तं आहो नं अजून. पुढच्या महिन्यात येजा."

तेव्हापासून ते दर महिन्याला जातात. साधा, दुकानात मिळतो तो रोल घेऊन. पहिल्या खेपेचा फोटो सासूबाईंना पटला नाही, नाक मोठं आलं म्हणून. दुसऱ्या खेपेला लुगड्याचा रंग नीट नाही म्हणाल्या, आणि तो फोटो काळा-पांढरा होता. तिसऱ्यात त्या म्हाताऱ्या दिसत होत्या. रजिस्टरात आता खालपर्यंत एकच शेरा आहे, 'आईंना पसंत नाही.' साडभाऊ हार मानत नाहीत. त्यांना वाटतं दोष लेन्सचा आहे. आणखी एक बघून ठेवलाय.

मागच्या महिन्यात मात्र फोटो असा आला होता की मीसुद्धा हातातला पेपर खाली ठेवला. सासूबाई काहीतरी सांगता सांगता हसल्यात, हात तोंडाशी जायच्या बेतात आहे, आणि त्या चेहऱ्यात पंधरा-सोळा वर्षांची पोरगी स्पष्ट दिसते. साडभाऊ तो पुढे करून उभे होते. सासूबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "दात दिसून राह्यले. नाई जमला." साडभाऊ मान डोलावून वही काढत अंगणात गेले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, इतका चांगला फोटो आहे. कशाला नाही म्हणता?"

त्यांनी तो पदरानं पुसला आणि उशीखाली ठेवला. तिथं आधीचे सगळेच होते.

"चांगलाच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण हो म्हटलं का मंग ते कायले येतीन? ते येते, तं तीन-तीन घंटे बसते. मले इचारते. तुम्ही सारे येता, जेवता, जाता."

बाहेर बायको गाडीशी उभी राहून हाका मारत होती, उशीर होतोय म्हणून. मी तिला म्हटलं, थांब जरा, आणि सासूबाईंच्या खाटेशी खुर्ची ओढून बसलो. बसलो खरा, पण त्यांना काय विचारायचं ते मला सुचेना.