नातीचा अडकलेला पेपर

मी तिसरीपर्यंत शिकलो. वडगावात माग चालवून घर उभं केलं, आणि शिकलेल्या माणसापुढं कधी मान खाली घातली न्हाय. त्यामुळं नात इंजिनियरिंगच्या गणितात नापास झाली तेव्हा मला तिच्यापेक्षा त्या गणिताचाच राग आला. डिफरन्शियल इक्वेशन म्हणे. तो एकच पेपर अडकलेला. सुटला तर पुण्याची नोकरी, न्हायतर घरीच.

"काय एवढं अवघड असतंय त्यात?"

"आप्पा, तुम्हाला न्हाय कळायचं."

"तुलाच कळलं नसंल, म्हणून सांगता येईना."

हे तिला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी माग बंद झाला की ती वही घेऊन माझ्याजवळ बसायला लागली.

मला उमगलं ते असं. आमच्या शाळेत विचारायचे, किती? इथं एखादी गोष्ट कशी बदलत चालली आहे तेवढंच सांगतात, आणि त्यावरून ती गोष्टच शोधून काढायची. बरं, एवढं करून उत्तरात आकडा येत नाही. एक लांब ओळ येते आणि तिच्या शेवटी एक अक्षर लोंबकळत राहतं.

"हे कशाला ठेवलंयस? काढून टाक."

"सुरुवात कुठनं झाली ते कळल्याशिवाय ते जात न्हाय, आप्पा."

एकदा तिची नजर मागाच्या बीमवर गेली. बीम म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ. साडी विणत जाईल तसा तो बारीक होतो, आणि सूत ताणून तुटू नये म्हणून आम्ही त्याच्यावरचं वजन कमी करत जातो.

"रोज सारखाच बारीक होतो का हो हा?"

"व्हय, सारखाच. आयुष्य गेलं माझं बघण्यात."

ती दोरीनं रोज त्याचा घेर मोजायला लागली. आधी घेर हलेचना. बीम संपत आला तशी दोरी भराभर आखूड व्हायला लागली, आणि कापड तर रोज तेवढंच निघत होतं.

"माझ्या हाताला ठाऊक होतं ते, शेवटी शेवटी वजन भराभर काढतोच की मी," मी म्हणालो.

"आणि तोंडाला?" ती खिदळली.

मग तिनं त्याचंच गणित मांडलं. भरल्या बीमचं माप घातलं, आणि ते लोंबतं अक्षर गेलं. तिनं दोनदा तपासलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. वर्गात चार महिने बसून जे कळलं नव्हतं, ते तिला तिथं कळलं.

परीक्षा जवळ आली तसं मला चैन पडेना. पेपर सुटावा असं मनापासून वाटायचं. पण संध्याकाळी ती शेजारी येऊन बसली की वाटायचं, आणखी सहा महिने अडकला तर काय बिघडतंय? हे मी घरात कुणाला बोललो न्हाय.

पेपर सुटला. ती पुण्याला गेली.

आता माग थांबला की घरात लई शांत होतं. परवा मी तिला फोनवर विचारलं, "अर्धी वही राहिलीय. पुढचं कधी शिकवणार?"

"आप्पा, विसरले हो मी ते सगळं. इथं कुठं लागतंय ते?"

"मग ये हिकडं. मला येतंय तेवढं मी शिकवतो तुला."

ती हसली. तिकडं कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"सुट्टी मिळते का बघते हं, आप्पा."

"बघ," मी म्हणालो. तिनं फोन ठेवला, तरी मी कानाला तसाच धरून बसलो.