पुतळीवरचा देव

माझा धंदा बसून करायचा आणि मला बसवत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार. पटवेकऱ्याने मांडी ठोकून, पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून, मान खाली घालून तासन्‌तास दागिने गाठवायचे असतात. माझे वडील सकाळी बसले की दुपारच्या जेवणालाच उठत. मी दर दोन गाठींनंतर उठून दारात जाऊन येतो. तरुणपणी असा नव्हतो. हे एका पुतळीपासून सुरू झाले.

आमच्या धंद्याची रीत अशी की सोने आमच्या दुकानात येत नाही, आम्ही सोन्याकडे जातो. गिऱ्हाइकाच्या घरच्या सोप्यावर बसायचे, समोर घरातली एखादी वडीलधारी बाई डोळ्यांत तेल घालून बसणार, आणि तिच्या देखत मणी न्‌ मणी ओवायचा. नारायण पेठेतल्या एक काकू तर मला पाणीसुद्धा काम संपल्यावरच देत. वर म्हणत, "गाठ घट्ट मारा हो. मागची संक्रांतीला मारलीत ती शिमग्यापर्यंतही टिकली नाही. बहुधा घाईत होता."

पुतळ्यांची माळ तेव्हा ऐपत असलेल्या घरोघर. सोन्याची पातळ चकती, सुरतेच्या वाटेने कुठल्याशा परमुलखातून येणारी. एका अंगाला दोन पुरुष, मधे उंच काठी; एक उभा, एक गुडघे टेकलेला. दुसऱ्या अंगाला चांदण्यांच्या चौकटीत एकटाच उभा पुरुष, हात वर केलेला. उभा तो राम, गुडघ्यावरचा भरत, आणि चांदण्यांतला साक्षात नारायण, असे बायकांनी आपापसात ठरवून टाकले होते. पुरुषांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तर आम्हीही तेच सांगितले असते.

माझ्या बायकोकडे अशी एकच पुतळी होती. आमची दोन मुले जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. दुसरे गेले तेव्हा तिच्या आईने आपल्या माळेतली एक पुतळी सोडवून काळ्या रेशमात ओवून तिच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून रोज न्हाणे झाले की ती चांदण्यांतल्या नारायणाला हळदकुंकू लावी आणि अंगठ्याने त्याचे तोंड पुशी. पुसून पुसून नाकडोळे गुळगुळीत झाले होते. दीड वर्षाने तिला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला सातवा महिना लागला तरी सगळे ठीक होते आणि तिच्या हिशेबी ते सगळे त्या पुतळीचे होते.

त्या सुमारास मला तोफखान्याकडून बोलावणे आले. श्रीमंतांच्या तोफखान्यात काही किरिस्ताव गोलंदाज होते, गोव्याकडचे. पूर्वेला पेठा संपतात तिकडे त्यांची दहा-बारा घरे होती. त्यातल्या एकाच्या बायकोची पोवळ्यांची माळ तुटली होती. मी तिच्या अंगणात बसून पिशवी उघडली, तर रेशमाच्या लडीबरोबर माझ्या बायकोची पुतळी बाहेर पडली. दोरा विरला म्हणून तिने ती त्या सकाळीच माझ्याकडे दिली होती.

बाईने पुतळी उचलली, उलटी केली आणि एकदम ओठांना लावली. मी चपापलो. पुण्यात कोणी सोने असे ओठांना लावत नाही.

"हो आमचो देव!" ती म्हणाली. पुण्यात राहून तिची बोली आमच्यासारखी झाली होती, पण त्या क्षणी कोंकणीच आली. मग सावकाश, मला कळेल असे तिने सांगितले. चांदण्यांत उभा आहे तो त्यांचा येशू. काठीवाला त्यांचा कोणी संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिकडचा कोणी राजा. लहानपणी पाद्रीबाबांनी तिला अशीच पुतळी दाखवली होती.

मी हसलो. म्हणजे आधी हसलो. सोवळे नेसून, कोणाची सावली पडू न देता देवघरात शिरणाऱ्या त्या सगळ्या काकू डोळ्यांपुढे आल्या आणि त्यांच्या गळ्यात ओळीने लोंबणारे वीस-वीस फिरंगी देव. मग माझीच बायको आठवली, हळदकुंकवाचे बोट घेऊन बसलेली, आणि हसू पळाले. हे कोणाच्या कानावर गेले तर कोण मला सोप्यावर चढू देणार होते?

गोलंदाज महिन्याभरात दक्षिणेच्या स्वारीवर निघणार होता. तिचा क्रूस मागच्या वर्षी आगीत गेला होता, पाद्री गोव्याहून वर्षातून एकदा येई, आणि नवरा तोफेजवळ उभा असताना हातात धरायला तिच्याजवळ काही नव्हते. तिच्या गळ्यातही एक पुतळी होती, पण ती इथल्या सोनाराने ठोकलेली, धनुष्यबाण घेतलेल्या रामाची. आवडली म्हणून नवऱ्याने घेऊन दिलेली. तिने ती काढून माझ्यापुढे धरली.

"हा तुमचा, तो माझा. ज्याचा देव त्याच्या घरी जाऊ दे, भाऊ."

मला ते इतके पटले की मी वजनसुद्धा केले नाही. बायको सुटली, मी सुटलो, राम आपल्या घरी आला. मी घरी जाऊन नव्या काळ्या रेशमात राम गाठवला आणि बायकोच्या गळ्यात बांधला. ओवताना समोर कोणी बसलेले नव्हते. घरच्याच माणसाच्या दागिन्यावर नजर ठेवायची रीत नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणे झाल्यावर तिने पुतळीला अंगठा लावला आणि तिचा हात थांबला.

"ही माझी नाही."

"उजळून आणलीय," मी म्हणालो. "म्हणून वेगळी लागते."

मी पिशवी उचलून बाहेर पडलो आणि त्या दिवशी तीन घरी गाठी चुकवल्या.

तिने पुतळी काढली नाही, पण हळदकुंकू लावायचे सोडले. चार दिवसांनी जेवण कमी झाले. मग पोटावर हात ठेवून बसून राहू लागली. मी आत आलो की विचारी, "हलत नाही ना हो? तुम्ही बघा." मी हात ठेवी. पोर चांगले लाथा मारत असे. मी तसे सांगी आणि ती माझ्याकडे अशी बघे की मी पुढचे बोलतच नसे. एकदा उजळून आणली म्हणणाऱ्याचा शब्द आता कशाला धरील ती? तिचे गाल बसले. सुईण येऊन गेली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाईनं अन्न सोडलंय. पोटातलं काय खाणार?"

तेव्हा कुठे मी तिला खरे सांगितले. फिरंग्यांचा देव, अदलाबदल, सगळे. मला वाटले होते ती शिसारी येऊन चूळ भरेल, देवघर धुवायला काढील.

ती म्हणाली, "कोणाचा का असेना. माझं ऐकत होता. तुम्ही मला न विचारता त्याला देऊन टाकलंत?"

मी तोफखान्याकडे गेलो. गोलंदाज स्वारीवर निघून गेला होता आणि पुतळी त्याच्या बायकोच्या गळ्यात होती. मी मागितली. तिने पदर पुढे ओढून ती झाकली. "तुमच्याकडे तो दागिना होता, भाऊ," ती म्हणाली. "मी त्याच्यापुढे रोज गुडघे टेकते." मला म्हणता आले असते की माझी बायकोही रोज त्याचे तोंड पुसायची. मला ते सुचलेच नाही. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर तिने दारच उघडले नाही.

मग बायको म्हणाली, मी येते. आठवा महिना, अंगात ताकद नाही, आणि उन्हाची वेळ. मी नको नको म्हणत असताना तिने चपला घातल्या. वाटेत चार ठिकाणी बसली. त्या घरी पोहोचलो तेव्हा तिच्याने उभे राहवेना, ती पायरीवरच बसली. काही मागितले नाही, रडली नाही, नुसती धापा टाकत होती. गोलंदाजाची बायको दारात आली, तिच्या पोटाकडे बघितले आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

किरिस्तावाच्या घरचे पाणी. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि घटाघटा प्याली. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो, कोणी ओळखीचे येत नाही ना ते पाहत. आज त्याचीच लाज वाटते.

मागे वळलो तर ती बाई आपल्या गळ्यातला दोरा सोडत होती. तिने स्वतः तो माझ्या बायकोच्या गळ्यात बांधला. "बारसं होईपर्यंत," ती म्हणाली. "त्या दिवसानंतर मला लागेल. माझाही माणूस बाहेर आहे." माझ्या बायकोने राम काढून तिच्या हातात दिला. "तोवर हा ठेवा," म्हणाली. "होईल तेवढं करील." दोघी हसल्या. मी बायकोला हसताना बघून महिना झाला होता.

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. पुढे दिवस भरले आणि एका सकाळी मुलगी झाली. आठवडा उलटला, मुलगी होती. बाराव्या दिवशी बारसे झाले. पाळणा हलला तेव्हा मी बाहेर ओट्यावर जाऊन रडलो, हे आजवर कोणाला सांगितले नाही.

तेराव्या दिवशी मी पुतळी मागितली. बायकोने ती पोरीच्या पाळण्याला बांधली होती. "सव्वा महिना होऊ द्या," ती म्हणाली. "एवढं पार पडू द्या, मग मीच नेऊन देते." मी तिच्याकडे बघितले, पाळण्याकडे बघितले. शब्द दिलेला आहे, असे म्हणायला हवे होते. मी बरं म्हणालो. त्या दिवसापासून पूर्वेकडच्या पेठांतले काम आले की मी कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या मुंजीचे निमित्त सांगून टाळी. बाजारात कोणीतरी बोलले की स्वारीत एक तोफ फुटून जवळची माणसे गेली. मी रेशमाचा भाव विचारत होतो. कोणती माणसे, ते विचारले नाही. खरे सांगायचे तर मुद्दामच विचारले नाही.

सव्वा महिना झाला. बायको बाळंतपणातून अजून पुरती उठली नव्हती, म्हणून मीच पुतळी घेऊन गेलो. अंगणात काही पसरलेले नव्हते. ती दारात बसली होती, अंगावर काळे वस्त्र, गळ्यात आमचा राम. मला पाहून उठली नाही.

"जगलं ना?" तिने विचारले.

"मुलगी आहे," मी म्हणालो. "चांगली आहे."

"बरं झालं." मग म्हणाली, "खबर येऊन पंधरा दिवस झाले. तोफ फुटली."

मी मनात दिवस मोजले. खबर आणणाऱ्या कासिदाच्या वाटेचे आठ दिवस मागे धरले. तरी तोफ फुटल्याचा दिवस बारशानंतरच पडत होता.

"बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून वाट बघितली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकदा निघालेसुद्धा होते तुमच्याकडे यायला. मग म्हटलं, ओली बाळंतीण आहे, तिच्या दारात कशाला उभं राहायचं."

मी पुतळी पुढे केली. गळ्यातले सोने शंभर कोसांवरची तोफ सांभाळत नाही, हे मला कळते. तेव्हाही कळत होते. मी तसे म्हणायला तोंड उघडले आणि मिटले, कारण हेच मी माझ्या बायकोला सांगितले असते तर त्या उन्हात तिने मला काय म्हटले असते ते मला माहीत होते.

तिने पुतळीकडे बघितले. ओठांना लावली नाही, हातातही घेतली नाही.

"आता ते नुसतं सोनं आहे, भाऊ," ती म्हणाली. गळ्यातल्या रामाला तिने हात लावला. "हेही सोनंच. जे ज्याच्याकडे आहे ते राहू दे. तुमच्या मुलीला घाला."

घरी आल्यावर बायकोने विचारले, परत का आणलीत? मी म्हणालो, तिला नको आहे. का नको, ते तिने विचारले नाही, आणि मी तिला आजतागायत सांगितलेले नाही. पुढच्याच वर्षी गोलंदाजाची बायको गोव्याकडे निघून गेली असे ऐकले. तरी दर दोन गाठींनंतर मी उठून दारात कोणी उभे नाही ना ते बघून येतो.

मुलीच्या लग्नात मी ती पुतळी तिच्या माळेच्या मधोमध गाठवली. आता तिच्या सासरी सणावाराला बायका जवळ येऊन बघतात. जुनी आहे, किती झिजलीय, देव कोणता हो हा, असे विचारतात. ती हसून म्हणते, कोण जाणे, आईची आहे. तिला कोणी काही सांगितलेलेच नाही. ती दर सणाला हौसेने घालते. आणि तिला ती फार शोभते.