भिंतीतले उंदीर

गावातलं आईचं पडीक घर पुन्हा राहतं करायचं, असं टेलरबाईंनी जाहीर केलं तेव्हा भावानं कपाळाला हात लावला.

"ताई, तिथं आता घुशी राहतात. महिन्याच्या आत परत येशील."

घर दोघांच्या नावावर आणि भावानं गिऱ्हाईकही हेरून ठेवलेलं. भांडून भांडून शेवटी ठरलं ते असं: महिनाअखेरीस भाऊ गिऱ्हाईक घेऊन येणार. तोवर धड छप्पर उभं असेल तर घर ताईचं, नाहीतर मुकाट विकायचं.

"ये तर खरा," म्हणून बाईंनी शिवणयंत्र टेम्पोत चढवलं.

बाई म्हणजे काय चीज होती! जन्म गणवेश शिवण्यात गेलेला, गळ्यात कायम टेप. गवंड्यानं चौकट बसवली की या टेप लावून हजर.

"बोटभर तिरकी आहे."

"अहो, मुळात भिंतच तिरकी आहे."

"गिऱ्हाईक कुबडं असलं तरी सदरा सरळ दिसायला नको? काढा ती."

गवंडी मनातल्या मनात सात पिढ्या उद्धरायचा, पण चौकट काढायचा.

गावानं मात्र त्यांचं नाव 'पाहुण्या बाई' पाडलं. "पाहुण्या बाई, मुक्काम किती दिवस?" हे ऐकलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जन्म याच घरातला आणि म्हणे पाहुण्या! तरी शेजारी यायचे. ओट्यावर बसून चहा ढोसायचे, फुकटचे सल्ले द्यायचे. शेजारचा सुतार तर छपराची नवी तुळई अंगणात स्वतः तासत होता. ती चढवायला आठ-दहा माणसं लागणार होती. "माणसांची काळजी सोडा, अख्खी आळी येईल," असं त्यानं सांगितलं होतं.

आणि तिथंच माशी शिंकली. सुताराच्या आणि बाईंच्या घराची मधली भिंत एकच. तिच्यात स्वयंपाकघराच्या बाजूनं एक हातभर कोनाडा होता, मागे कुजकी फळी.

"हे बुजवू?" गवंड्यानं विचारलं.

"विचारता काय? घुशींना आयतं दार ठेवायचंय का?"

दगड, सिमेंट, वरून गिलावा. बाईंनी हात फिरवून पाहिला, कुठं खड्डा नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर चिटपाखरू फिरकेना. तुळई अर्धवट तासलेली पडून राहिली. निरोप धाडला की सुताराचं उत्तर एकच: "बघू." वाणी तेवढा पुटपुटला, "पाहुण्या बाई, तुम्ही तोंडावर दार लावल्यावर कोण येणार?"

बाई चक्रावल्या. दार तर दिवसभर सताड उघडं असायचं! त्यांनी वर त्याला दगडही लावून ठेवला, वाऱ्यानंही मिटायला नको म्हणून. तरी कुणी आलं नाही.

त्यात भर म्हणून भिंतीत टकटक सुरू झाली. रोज सकाळी, थांबून थांबून. "मेल्यांनो, बुजवलं तरी आहातच का!" बाईंनी कात्रीच्या मुठीनं भिंत ठोकली. पलीकडची टकटक दुप्पट झाली.

भाऊ यायला दोनच दिवस उरले, तेव्हा बाई तणतणत सुतारासमोर उभ्या राहिल्या. "तुळई नसेल चढवायची तर राहू द्या. मी कप्पी लावीन, एकटी ओढीन, पण चढवीन. तुमच्या घरात उंदीर माजलेत त्यांचं मात्र बघा. सकाळपासून भिंत पोखरतायत."

सुतारानं रंधा खाली ठेवला. "उंदीर नाही हो. आई आहे माझी."

सुताराची म्हातारी खाटेला खिळलेली होती. आणि तो कोनाडा नव्हताच, खिडकी होती. बाई गाव सोडून गेल्यावर तिनं आणि बाईंच्या आईनं मिळून पाडून घेतलेली. फळी सरकवली की इकडचं मीठ तिकडं, तिकडचं विरजण इकडं, आणि दिवसभर गप्पा.

"तुमच्याकडं दिवा लागलेला फटीतून दिसला, तशी तिनं खाट भिंतीशी सरकवून घेतली," सुतार म्हणाला. "रोज म्हणायची, आज उघडेल बघ. तुम्ही सिमेंट भरलंत."

"मग तोंड शिवलं होतं का रे तुझं?"

"भिंतीची ती बाजू तुमची. पाहुण्यांना काय बोलायचं?"

बाईंनी त्याचीच छिन्नी उचलली आणि घर गाठलं. गवंडी 'माझा गिलावा!' म्हणून ओरडला, त्याला त्यांनी एका नजरेत गप्प केलं. हाताला फोड आले, पण त्यांनी छिन्नी कुणाच्या हाती दिली नाही. शेवटचा दगड निघाला, फळी सरकली, आणि पलीकडं हातात चमचा घेतलेली म्हातारी दिसली.

"अगं भवाने, कुठं उलथली होतीस इतकी वर्षं?"

अगं! आई गेल्यापासून या गावात त्यांना कुणी अगं म्हटलं नव्हतं. बाईंना हुंदकाच फुटला. "चुकले हो काकू," एवढंच त्या म्हणू शकल्या.

तुळई चढली. अख्खी आळी आली. सगळे घाम पुसतात तोच बाई शिडीवर, टेप लावून.

"बोटभर तिरकी आहे. पुन्हा उचला."

"तुझ्या टेपला आग लाव गं!" म्हणत सगळ्यांनी पुन्हा उचलली.

ठरल्या दिवशी भाऊ गिऱ्हाईकाला घेऊन आला. मान वर करून छप्पर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. खिडकीतून म्हातारीचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"माझा भाऊ, काकू," बाई चहा ओतत म्हणाल्या. "पाहुणा आहे. संध्याकाळच्या गाडीनं जाईल."