दवाखान्याच्या विहिरीवरची बारी

कल्याणातल्या एका दवाखान्याने मला तीन दिवस ताटकळत ठेवलं, आणि चौथ्या दिवशी मी त्या दवाखान्याला ताटकळत ठेवलं. आता केस पिकले, तोंडात मोजून चार दात उरले, पण ती सकाळ आठवली की अजून मान ताठ होते.

माझी खालची दाढ किडली होती. गाल फुगून एक डोळा बारीक झालेला. लवंग दाबली, हिंग भरला, काही उपयोग झाला नाही. नुसतं दुखणं मी सोसलं असतं. पण लेक चार महिन्यांची होती, माझ्या घशाखाली पेजेपलीकडे काही उतरत नव्हतं आणि अंगावरचं दूध आटत चाललं होतं. पोर ओढून ओढून दमायची आणि मग रडायची. जाऊबाई बोंडल्याने गाईचं दूध पाजायला बघत, ते ती थुंकून टाकायची. दाढ निघाली नाही तर पोर वाळणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

माहेर ठाण्याला होतं आणि तिथे मोठं इस्पितळही होतं. पण एका दाढेसाठी अंगावरच्या पोरीला घेऊन आगगाडीत बसायचं, हे सासऱ्यांना पटेना. "इथे डॉक्टर आहे की," ते म्हणाले, आणि रोज सकाळी देवळात जाताना मला दवाखान्याच्या फाटकाशी सोडू लागले.

डॉक्टर होता खरा. तरुण, मुंबईत शिकून आलेला, हाताचा हलका म्हणून नावाजलेला. पण तो दिसायचा पुरुषांना. पुरुष पुढच्या ओटीवर बाकावर बसत. बायकांनी मागच्या परसात आंब्याखाली बसायचं, आणि पुरुष संपले की त्यांची बारी. पुरुष संपायचेच नाहीत. बारा वाजता डॉक्टर जेवायला जाई आणि कंपाउंडर मागच्या दारात येऊन म्हणे, "बायांनो, आता उद्या या. आणि बारी आल्याशिवाय जागचं हलत जाऊ नका, गोंधळ होतो." जसं काही आम्ही तिथे फुगड्या घालत होतो.

फाटकाशी सासरे विचारत, "झालं का?" मी नकारार्थी मान हलवी. असं तीन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी खाडीकडच्या मिठागरावरची एक आगरीण बसली होती. दात तिचाही ठणकत होता, पण तोंड काही बंद नव्हतं. "बाय, आपली बारी आज पन नाय लागाची," ती म्हणाली. माझं लक्ष मात्र पाणक्याकडे गेलं होतं.

दवाखान्यात ब्राह्मण पाणक्या ठेवलेला होता. सोवळ्यात भरलेलं पाणी नसेल तर गावातले निम्मे लोक तिथलं औषध तोंडाला लावत नसत. म्हणून हा गृहस्थ अंघोळ करून ओलेत्याने परसातल्या विहिरीवरून घागरी नेई. कुणाचा नुसता पदर लागला तरी पाणी ओतून द्यायचं, घागर घासायची आणि पुन्हा अंघोळ. त्याला पाहिलं की आम्ही बायका मुकाट्याने अंग चोरून बाजूला सरकत होतो. आणि त्याच पाण्यावर पुढे पुरुषांची औषधं होत होती. हे ध्यानात आलं तेव्हा मला असा संताप आला की क्षणभर दाढ दुखायची थांबली.

चौथ्या दिवशी मी आंब्याखाली बसले नाही. थेट विहिरीच्या कट्ट्यावर, रहाटापाशी बसले. आगरिणीला बेत सांगितला, तिने बाकीच्यांना. आठ बायका विहिरीभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

पाणक्या आला. "सरा, सरा." कुणी सरेना. "अहो, सरा की. मला विटाळ होईल."

"आम्हाला हलू नका म्हणून सांगितलंय," मी म्हणाले. सुजलेल्या तोंडातून शब्द बोबडे येत होते. "बारी आली की उठू."

त्याने पलीकडून जाऊन पाहिलं, तर आगरिणीने पाय लांब केला. तो कंपाउंडरला घेऊन आला. कंपाउंडर खूप ओरडला. "तुमीच सांगतलाव नं, हलू नका," आगरीण म्हणाली. परक्या बायकांना हाताला धरून उठवायची त्याची छाती नव्हती. पुढे औषधं थांबली आणि ओटीवर कुरकुर सुरू झाली. पुरुष ताटकळलेले मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

शेवटी डॉक्टर स्वतः मागे आला. परपुरुषापुढे कधी मान वर न केलेली मी, त्याच्यासमोर आ करून बसले. त्याने वाकून पाहिलं. "किती दिवस येताय?" मी चार बोटं दाखवली. मग त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी दोन बोटं दाखवली, कुणी तीन, एका म्हातारीने सहा. तो शरमला, ते स्पष्ट दिसलं. खुर्ची आणि चिमटा त्याने तिथेच आंब्याखाली मागवला.

दोन हिसक्यांत दाढ बाहेर आली. "चूळ भरा," डॉक्टर म्हणाला, आणि पाहतो तर पाणी कुठेच नाही. पाणक्या रिकामी घागर घेऊन उभा. कट्ट्यावरच्या बायका आपापली बारी येईपर्यंत हलणार नव्हत्या. मग आगरिणीने झाडांना पाणी घालायचा पोहरा विहिरीत सोडला आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. पाणक्याकडे बघत बघत मी चूळ भरली.

बाराच्या आत आठही जणींचं काम झालं. उद्यापासून आधी बायका, असं डॉक्टरने कंपाउंडरला आमच्यादेखत बजावलं.

फाटकाशी सासऱ्यांनी विचारलं, "झालं का?" तोंडात कापसाचा बोळा होता. मी मूठ उघडून दोन मुळांची ती काळी दाढ त्यांच्यापुढे धरली. ते दोन पावलं मागे सरले.

घरी सासूबाईंनी विचारलं, चूळ कसल्या पाण्याने भरलीस. मी म्हटलं, विहिरीच्या. ते खोटं नव्हतं.

दाढ निघाल्यावर चौथ्या दिवशी मी तांदळाची आख्खी भाकरी कडेसकट चावून खाल्ली. त्यानंतर दोन दिवसांनी पोर पिता पिता पोट भरून माझ्या मांडीवर झोपली, आणि तिच्या ओठांच्या कडेने दूध ओघळत होतं.