कनकीची खळ आणि साहेबांची काच

सरकारी गाडीची काच खराब झाली, तर सरकारचं काय बिघडतं, सांगा पाहू?

बिघडलं तर फार बरं होईल, असं मला मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी वाटत होतं. रविवारी दुपारपर्यंत मनगट सुजलं आणि मत बदललं.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही नव्या गावठाणात आलो, तेव्हा सामानातलं सगळ्यांत जड पोतं आईच्या धरणविरोधी पत्रकांचं होतं. आईनं मला उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवायला लावली. ‘क’ कमळाचा शिकायच्या आधी मी ‘नि’ निषेधाचा शिकले, असं गल्लीत अजून म्हणतात. अर्ज करणं म्हणजे हात पसरणं आणि पत्रक काढणं म्हणजे मान ताठ ठेवणं, हा निकाल मी बारावीतच लावून टाकला होता.

आमच्या गल्लीत घरांसमोर नाली खोदून तशीच उघडी सोडली आहे. तीत शेळ्या पडल्या, एका वरातीतला ढोलवाला ढोलासकट पडला. मी पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि आईकडे खळ मागितली. आई ती कनकीची करते. तांदळाचा चुरा मऊ शिजवायचा, पाट्यावर वाटायचा, वरून कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ही खळ वाळली की कागद कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते कळत नाही. जुन्या गावातल्या चावडीवरचं आईचं पत्रक पाण्याखालीही सुटलं नसेल, हा आमचा घरगुती अभिमान आहे.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी तालुक्याच्या एका कार्यालयात गेले. आवारात पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या साहेबांच्या गाडीच्या मागच्या डाव्या काचेवर, बरोबर साहेब बसतात तिथं, मी पत्रक चिकटवलं. चारही कोपरे तळहातानं दाबले. ऊन बेचाळीसच्या पुढचं होतं. घरी येऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी दारात काका उभे. काका म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या घरातले. ते साहेबांची गाडी चालवतात, हे मला माहीत होतं. चिकटवताना आठवलं नव्हतं, एवढंच.

“तुमचं पत्रक वाचलं बापा,” ते म्हणाले. “लय चांगलं लिवलं. निघूनच नाही राहिलं.”

काका त्या सरकारी गाडीवर ठेकेदारामार्फत सहा-सहा महिन्यांच्या मुदतीनं काम करतात. मुदत महिनाअखेर संपणार होती आणि साहेब सोमवारी नागपूरहून परत येणार होते. म्हणून काकांनी घाईघाईत पत्रक काढायला घेतलं. आधी पाणी मारलं, मग चाकू लावला. शेवटी समोरच्या चहावाल्या बाईकडून भांडी घासायची राख आणि तारेची घासणी घेतली. राख राईस मिलमागच्या काळ्या ढिगातली, धानाच्या भुशाची. आमच्याकडची निम्मी भांडी तिच्यावरच चमकतात. पितळेचं ती सोनं करते. काचेचं तिनं काय केलं, ते मी गल्लीच्या दिव्याखाली पाहिलं: ताटाएवढ्या जागेत पांढुरके ओरखडे, जणू मांजरांची एक पंचायत तिथं भांडून गेली होती.

“सोमवारी साहेबानं हे पाह्यलं, तं ठेकेदार दुसरा डायवर पाहील,” काका म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर मी वाद घातला असता.

मागून आई बाहेर आली. तिनं चष्मा लावून काच पाहिली. मला वाटलं, आता मला बोलणार.

“राखेनं घासूनबी कोपऱ्यात कागद राहिलाच ना?” ती म्हणाली. चेहऱ्यावर समाधान होतं.

शनिवारी आम्ही गाडी घेऊन भंडाऱ्याला, काचेची कामं करणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं ओरखड्यांवरून सावकाश नख फिरवलं. “नख घसरलं तं घासून जाते. नख अडकलं तं जात नाही. तुमचं एक सोडून बाकी सगळं जाईल.” जाणार नव्हता तो खालच्या कोपऱ्यातला, चाकूचा. “त्याले हात नका लावू. जास्त घासलं का काचेत खड्डा होते, मंग साहेबाले बाहेरचं सगळं वाकडं दिसते.”

“दिसू द्या की,” मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानदाराला नंबर कधी लागेल ते विचारलं.

दुकानात लग्नसराईच्या गाड्यांची रांग होती, मंगळवारच्या आधी नंबर नव्हता. म्हणून त्यानं काच घासायची एक गुलाबीसर पावडर, नमद्याची म्हणजे दाबलेल्या लोकरीची गोल चकती आणि सूचना दिल्या: सावलीत करा, काच ओली ठेवा, मशीन एका जागी थांबवू नका, काच तापली तर तडकेल.

रविवारी सकाळी गाडी आमच्या कडुनिंबाखाली लावली. गावठाणातली झाडं माझ्याहून लहान आहेत, सावली बेताचीच. सुताराची ड्रिल मशीन मागून आणली, तिला चकती बसवली. पावडर पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवली. ओरखड्यांभोवती आतल्या बाजूनं स्केचपेननं गोल काढला. मशीन माझ्या हातात. काकांचं काम मागच्या सीटवर बसून आतून काचेला तळहात लावायचा आणि ऊब लागली की ओरडायचं. बोलणं ऐकू यावं म्हणून पुढचं दार उघडं ठेवलं.

“एवढी वर्सं गाडी चालवून राहिलो,” काका सीटवर ऐसपैस होत म्हणाले, “मागं आज पयल्यांदा बसलो. मस्त आहे व इथं.”

पलीकडच्या आजी पाण्याला जाता जाता थांबल्या. “काय व, कालेजात शिकून गाडी धुऊन राहिली?”

“धुऊन नाही राहिली आजी, पापं फेडून राहिली,” गाडीतून काकांचं उत्तर आलं. “थांब! गरम!”

मी थांबले, पाणी शिंपडलं. तासभर घासलं तरी काच फक्त दुधाळ दिसत होती. मग फडक्यानं पुसलं आणि अर्ध्या जागेतले बारीक ओरखडे खरंच नाहीसे झालेले दिसले. काच अशी कणाकणानं बरी होते आणि मनगट त्याच हिशेबानं जातं.

दुसऱ्या तासाला काकांना साहेब व्हायची लहर आली. काचेपलीकडून त्यांनी मान तिरकी केली. “हं, बोला. काय तक्रार आहे तुमची?”

मीही मशीन थांबवून पत्रकातला पहिला परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला. व्यवस्थेचा बुरखा वगैरे सगळं त्यात होतं.

“अर्ज कधी दिला?”

“पत्रक काढलं.”

“अर्ज, बाई. आवक नंबर काय? पोच कुठी आहे?”

मी चकतीवरचा गुलाबी चिखल निरखू लागले.

“नंबर नाही, म्हणजे नाली नाही. आमच्या रेकॉर्डवर तुमच्या गल्लीत नालीच नाही, तं ढोलवाला पडला कशात?”

कडुनिंब हलला नाही, पण पाणी घेऊन परतलेल्या आजी हसल्या. ओट्यावरची आई तर सुपातल्या कनकीसकट हसली. दोन पावसाळे उघड्या राहिलेल्या नालीवर मी तीन पत्रकं, एक कविता आणि एक घोषणा लिहिली होती. अर्ज एकही नव्हता.

“मी कुणाच्या पाया पडणार नाही,” मी म्हणाले.

“पाय पडाले कोण सांगून राहिलं?” काका आता साहेब नव्हते. “कागद टेबलावर ठेव, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घे, मंग भांड ना बिनधास्त. काचेवर चिकटवलं तं पोच कोण देईल? मी देली ना पोच, घासणीनं.”

मी मशीन सुरू केली.

दुपारी काच स्वच्छ निघाली. आडवं पाहिलं, उभं पाहिलं, आतून पाहिलं. कोपऱ्यातला चाकूचा ओरखडा तेवढा राहिला, नख अडकवणारा. मला तोही घालवायचा होता. काकांनी मशीनची पिन काढून घेतली.

सोमवारचा दिवस मी घरात काहीही न लिहिता काढला. संध्याकाळी काका आले ते सरळ ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. साहेब गाडीत बसले होते, काचेकडे बघत राहिले होते. मग साहेब म्हणाले, “ही एकच काच एवढी स्वच्छ कशी? बाकीच्याही अशाच करून घ्या.”

महिनाअखेर काकांची मुदत वाढली. तोवर माझे आणखी दोन रविवार त्या गाडीनं खाल्ले.

साहेब परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी मी अर्ज घेऊन गेले. समोरच्या टेबलावर द्यायचा नाही, आतल्या खोलीत खिडकीजवळ बसतात त्या बाईंकडे अकरानंतर द्यायचा, हे काकांनीच सांगितलं होतं. शिक्का निळा आणि तिरका पडला. तत्त्वानं मला एवढा आनंद व्हायला नको होता. त्यानंतर दोन माणसं टेप घेऊन आली, नाली मोजून गेली. ती अजून उघडीच आहे. पुढच्या पत्रकात मात्र पहिल्या ओळीत आवक क्रमांक येणार आहे, आणि ते मी भिंतीवर लावणार आहे.

तुमच्या दारासमोर जे काही उघडं, तुटकं, अर्धवट पडलं असेल, त्याचा अर्ज आजच लिहा, दोन प्रती काढा. कार्यालयात शिरण्याआधी बाहेर गाडी पुसणाऱ्या माणसाजवळ थांबा, त्याला चहा विचारा, आणि कोणत्या टेबलावर द्यायचा तेही विचारा. तो सांगेल.