अक्कांच्या घरी बटण कोण दाबणार?

पोटाचे जुने दुखणेकरी गोळा करणं हे माझं काम. त्यांनी मनगटाला पट्टा बांधायचा आणि दुखलं की त्यावरचं बटण दाबायचं. दुखणं पट्ट्याला आपोआप ओळखता येतं का, हे धारवाडचे आमचे डॉक्टर तपासत होते. माणसं पुरेशी मिळाली नाहीत तर माझी नोकरी गुल होणार होती. आणि हुबळीत कुणाला पोटाचं विचारा, एक हात पोटावर ठेवूनच सांगतात, "छे, मस्त आहे."

शेवटी केशवापूरची आत्या मदतीला धावली. अख्ख्या गल्लीची ती अक्का. ओळखीतले सगळे अपचनवाले तिने एका संध्याकाळी घरी बोलावले. लोकांना धीर यावा म्हणून नमुन्याचा पट्टा आधी स्वतःच बांधला. "बघा, चावत नाही." मग सगळ्यांनी पट्टे बांधून घेतले, तरी एक माणूस कमीच पडला.

"माझं नाव लिही की. पोट दुखतंय म्हण," आत्या म्हणाली.

"खोटं कसं लिहू?" म्हणत मी हसले. तीही हसली.

मग घात झाला. घरी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? चुरमुऱ्यांचं तिखट गिरमिट आलं, मागोमाग गरमागरम मिरची भजी. ज्यांना तिखट वर्ज्य, त्यांनीच "साकु अक्का, साकु" असं पुरे-पुरे म्हणत पुन्हा वाढून घेतलं. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पडद्यावर सगळ्यांच्या पट्ट्यांच्या रेघा दुखण्याच्या खुणेइतक्या चढलेल्या, आणि बटण एकानेही दाबलेलं नाही. मी त्यांतल्या एका निवृत्त मास्तरांना फोन लावला.

"अक्कांच्या घरी बसून, त्यांचंच खाऊन बटण दाबायचं? बरं दिसतंय का ते?"

नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते, पण डॉक्टर पोट धरून हसले. लोक सांगत नाहीत तेच दुखणं तर त्यांना पकडायचं होतं. मग त्यांनी सगळ्यांत उंच रेघेवर बोट ठेवलं. "ह्यांनी किती मिरच्या हाणल्या?"

ती नमुन्याच्या पट्ट्याची रेघ होती. तोही आत्याच्या हातावर चालूच राहिला होता. आत्याने तर काहीच खाल्लं नव्हतं. "तुम्ही घ्या, मी मागून खाते," हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझं हसू पळालं.

"एका रेघेवरून काही ठरत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण त्यांना घेऊन या."

संध्याकाळी केशवापूरला जाऊन पट्टा पुन्हा तिच्या हाताला बांधला.

"घेतलंस होय माझं नाव?"

"घेतलं. खोटं लिहावं लागलं नाही, आत्या."

 ती उठून दार लोटून आली, आणि तिने बटण दाबलं.